पिकअपच्या हौद्याला स्प्रे लायनर: कंपनीचा घ्यायचा की बाहेरून मारून घ्यायचा?

नवी पिकअप घेतली की तिचा हौदा पहिल्या दोन महिन्यांतच म्हातारा दिसायला लागतो. जालन्याहून सळई आणली, वाळूजमधून स्क्रॅप उचललं, जाधववाडीच्या मार्केटमध्ये पोती ओढत उतरवली की तळाच्या पत्र्यावरचा रंग खरवडून निघतो. उघड्या पत्र्यावर पाणी बसतं आणि गंज सुरू होतो. खत वाहणाऱ्यांचा हौदा तर अजून लवकर जातो, कारण सांडलेलं खत ओलं झालं की गंजाला जोर येतो.

यावर एक उपाय तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिला असेल. काळा, खरखरीत थर गनने हौद्यात फवारतात, मग त्यावर हातोडा मारतात आणि ओरखडाही उठत नाही. हाच स्प्रे-इन बेड लायनर. आता आपल्याकडेही "भाऊ, कंपनीचा घेऊ की बाहेरून मारून घेऊ?" हा प्रश्न विचारला जातो. उत्तर देण्याआधी "कंपनीचा" म्हणजे नक्की काय, ते बघू.

"कंपनीचा" या एका शब्दात तीन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे खरा फॅक्टरी लायनर. गाडी कारखान्यात असतानाच, ताज्या रंगावर, ठरलेल्या यंत्रांनी फवारलेला. अमेरिकेत हे सर्रास चालतं. फोर्ड तिथे "टफ बेड" नावाने असा लायनर गाडीसोबतच देते. दुसरी गोष्ट म्हणजे शोरूममध्ये ॲक्सेसरी म्हणून मिळणारा लायनर. तो बऱ्याचदा फवारलेला नसतोच, साच्यात बनवलेला प्लास्टिकचा टब असतो आणि हौद्यात नुसता बसवतात. तिसरी गोष्ट जास्त फसवी आहे. शोरूमवाले गाडी बाहेरच्या गॅरेजला पाठवून स्प्रे मारून आणतात आणि बिलावर मात्र "कंपनी फिटेड" लिहितात.

आपल्याकडच्या छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअपसारख्या मालवाहू गाड्यांचा हौदा म्हणजे साधा रंगवलेला पत्रा. २०१६ मध्ये आलेली इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स या महागड्या पिकअपच्या बाबतीत "बेड लायनर" हा शब्द जास्त ऐकू येतो. पण तिथेही ब्रोशरवर शब्द वाचून थांबू नका. सरळ विचारा: हा फवारलेला आहे की प्लास्टिकचा टब? फवारलेला असेल तर कारखान्यात फवारला की इथे? वॉरंटी कोणाच्या नावावर? शोरूमच्या शिक्क्यासह लेखी उत्तर मागा, म्हणजे पुढे वाद झाला तर कागद हातात राहील.

कारखान्यातला थर चांगला कशामुळे?

लोकांना वाटतं कंपनीचं मटेरिअल भारी असतं. खरं तर दोन्हीकडे पदार्थ एकाच घराण्यातले असतात, पॉलियुरेथेन नाहीतर पॉलियुरिया. पॉलियुरियाचे दोन भाग साधारण ६५ ते ७५ अंशांपर्यंत गरम करून प्रचंड दाबाने गनमध्ये आणतात. ते तिथेच मिसळतात आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत घट्ट होतात. लाइन-एक्स किंवा ऱ्हायनो लायनिंग्ज ही बाहेरून लायनर मारणाऱ्यांमधली जगभरातली नावं. त्यांचा थर कारखान्यातल्या थराइतका, कधी त्याहून जाडही असू शकतो.

खरा फरक थराच्या खाली असतो. कारखान्यात हौदा नवा असतो. त्याच्यावर तेलाचा डाग, सळईचा ओरखडा, गंजाचा ठिपका यातलं काही नसतं. बाहेर मात्र गाडी वापरलेली येते, आणि तिचा पत्रा किती मन लावून साफ केला यावर सगळं ठरतं.

माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी घरच्या पिकअपला असा लायनर मारून घेतला. सकाळी अकराला गाडी आत आणि संध्याकाळी पाचला बाहेर. काम इतक्या पटकन झालं म्हणून आम्ही खूश! पहिल्या पावसाळ्यानंतर फाळक्याजवळ एक फुगा दिसला. त्याने नखाने ओढलं तर वीतभर पापुद्रा हातात आला आणि खाली पत्रा लालभडक. पाणी लायनरखाली शिरलं होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. गाडीचा हप्ता चालू होता आणि तळ बदलायचा खर्च वर. लायनर मारलाच नसता तर निदान गंज दिसला तरी असता, असं तो आजही म्हणतो.

म्हणून बाहेरून करायचंच असेल तर रंग कोणता यापेक्षा तयारी काय करणार ते विचारा. हौद्यातले हुक, बोल्ट निघाले पाहिजेत. पूर्ण पृष्ठभाग जाड पॉलिश पेपरने खरखरीत झाला पाहिजे, कोपरे आणि पन्हाळीसकट, कारण चकचकीत रंगावर लायनर धरत नाही. गंज खरवडून उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे. मेण आणि तेल काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसणं, पाणी जायची भोकं टेपने झाकून नंतर मोकळी करणं, हे तर आलंच. या कामाला स्प्रे मारण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. गॅरेजवाल्याला सांगा, "स्प्रे मारायच्या आधी मला फोटो पाठवा." नीट काम करणारा माणूस याला नाही म्हणत नाही.

जाडीचा हिशोब मोबाईलवर करा

"तीन एमएमचा थर देतो" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेलच. ते खरं की खोटं, हे शाळेतल्या गणिताने कळतं. समजा हौदा ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि बाजू दीड फूट उंच आहे. तळ झाला साडेएकोणपन्नास चौरस फूट, चार बाजू मिळून साडेत्रेचाळीस. एकूण ९३ चौरस फूट, म्हणजे साधारण ८.६ चौरस मीटर.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर द्यायला एक लिटर मटेरिअल लागतं. म्हणजे या हौद्याला १ मिलिमीटरसाठी ८.६ लिटर आणि ३ मिलिमीटरसाठी जवळपास २६ लिटर. हवेत उडून वाया जातं ते वेगळंच.

आता छोट्या गॅरेजमध्ये काय वापरतात बघा. तिथे गरम पॉलियुरियाचं मशीन सहसा नसतं. रॅप्टरसारखं बाटल्यांचं किट असतं, तीन भागांना एक भाग हार्डनर मिसळायचा आणि साध्या कॉम्प्रेसरवर गन चालवायची. चार लिटरचं किट याच हौद्यावर पूर्ण पसरलं तर ओला थरच अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी बसतो. त्यातलं सॉल्व्हंट उडाल्यावर तो अजून पातळ होतो. किट वाईट आहे असं मी म्हणत नाही. ओरखड्यांपासून वाचवायला ते छान आहे. फक्त किट मारून तीन मिलिमीटरचे पैसे घेतले तर ते चूक आहे. रिकाम्या बाटल्या मोजा! काम झाल्यावर पेंट जाडी मोजायचं छोटं मीटर मिळालं तर पाच-सहा ठिकाणी लावा, विशेषतः बाजूंच्या पट्टीवर, कारण फवारताना हात तिथेच आखडतो. फक्त तुमच्या मीटरची मर्यादा आधी बघा, साधी मीटर जाड थर मोजू शकत नाहीत.

पाऊस, ऊन आणि मास्क

या मटेरिअलमधला आयसोसायनेट हा घटक पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि थरात बुडबुडे येतात. पॉलियुरिया इतक्या झटपट बसतो की त्याला हवेतल्या दमटपणाचा त्रास कमी होतो, पण पत्रा ओलसर असेल तर तोही धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या शेडखाली हे काम नकोच. मोबाईलच्या वेदर ॲपमध्ये "ड्यू पॉइंट" म्हणजे दवबिंदू दिसतो. पत्र्याचं तापमान त्यापेक्षा किमान ३ अंश जास्त असावं, असा कोटिंगवाल्यांचा नियम आहे.

उन्हाचं उलटं आहे. ॲरोमॅटिक प्रकारचा लायनर आपल्या उन्हात राखाडी पडतो, वर पांढुरकी भुकटी येते. ॲलिफॅटिक प्रकार रंग टिकवतो, पण महाग असतो. काळा लायनर मालवाहू गाडीवर फिका पडला तर काही बिघडत नाही, त्यामुळे यासाठी जास्त पैसे मोजू नका. हौद्याच्या बाहेरच्या बाजूला मात्र फवारा जाऊ देऊ नका, आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो.

व्हिडिओ बघून घरीच मारायचा विचार असेल तर आधी हे वाचा. आयसोसायनेटचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा ॲलर्जी बसली की पुढे थोडासा वासही त्रास देतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोरोनाच्या वेळचा मास्क इथे कामाचा नाही, बाहेरून ताजी हवा देणारा मास्क लागतो. गॅरेजमधला पोरगा रुमाल बांधून फवारत असेल तर मी तिथे गाडी देणार नाही. ज्याने त्याच्या फुप्फुसाची काळजी घेतली नाही, तो तुमच्या पत्र्याची काय घेणार?

मग घ्यायचा कोणता?

नवी गाडी घेताय आणि खरा फॅक्टरी लायनर लेखी मिळतोय, तर तोच घ्या. थर थोडा पातळ असला तरी चालेल. वॉरंटी गाडीसोबत असते आणि उद्या गॅरेज बंद पडलं तरी कंपनी जागेवर असते. फॅक्टरीचा पर्यायच नसेल, आणि आपल्याकडे बहुतेकांची गोष्ट हीच आहे, तर गाडी कामाला लावायच्या आधी बाहेरून मारून घ्या. शोरूममधून थेट. नव्या पत्र्यावर तयारीचं अर्धं काम वाचतं.

गाडी चार-पाच वर्षं जुनी असेल आणि तळाला आधीच गंज असेल तर लायनरच्या नादी लागू नका. गंज साफ करून रंग द्या आणि वर जाड रबर मॅट टाका, दर पंधरा दिवसांनी उचलून खाली वाळवा. रोज सळई आणि धारदार स्क्रॅप वाहणाऱ्यांनी तर चेकर प्लेटच बसवावी, कापलेल्या कडा कोणताही लायनर चिरतात. भाजी, फळं, पाण्याचे जार, फर्निचर असा माल असेल तर स्प्रे लायनर खरंच वसूल होतो. माल घसरत नाही आणि पत्रा वाजतही नाही.

मारल्यावर निदान २४ तास हौदा रिकामा ठेवा. वजनदार माल भरायला किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, त्या लेबलचा फोटो काढून ठेवा. पुढे कुठे चीर पडलीच तर तेवढाच भाग घासून त्याच मटेरिअलने भरता येतो, पण कोणतं मटेरिअल होतं हे माहीत असेल तरच.