मुलाखत देणाऱ्याचे नाव

मुलाखतीत प्रश्न विचारणाऱ्यास मराठीने 'मुलाखतकार' म्हटले. उत्तरे देणाऱ्यास मात्र सर्वमान्य असे एकशब्दी नाव अद्याप लाभलेले नाही. याचे कारण शब्दाच्या इतिहासातच आहे, असे आम्हांस वाटते.

'मुलाकात' हा मूळ अरबी शब्द फारसीच्या द्वारे आपणांकडे आला आणि 'वक्त'चा जसा 'वखत' झाला, तशीच त्याची 'मुलाखत' झाली. अरबीतील हे रूप परस्परक्रिया दाखविते. दोघे एकमेकांस भेटतात. त्यांत घेणारा नाही, देणाराही नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही मुलाखत म्हणजे भेटच. ती 'होत' असे. पुढे वृत्तपत्रे व निवडसमित्या आल्या, आणि ती 'घेतली' जाऊ लागली.

नोकरीपुरता 'उमेदवार' चालतो. 'उमेद' ही फारसीतील आशा. नोकरीच्या आशेने बिनपगारी राबणाराही पूर्वी उमेदवारच म्हणविला जाई. परंतु कवीस उमेदवार कसे म्हणावे? हिंदीच्या शेजारामुळे इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी मुलांच्या लेखनात 'साक्षात्कार' सहज शिरतो; पण मराठीत साक्षात्कार संतांस होतो, शाळासमितीस नव्हे! 'मुलाखतदाता' घडविता येईल, मात्र त्यास दानधर्माचा वास येतो.

आमच्या मते 'मुलाखत देणारा' हेच बरे. त्यात निदान क्रियापद तरी त्याच्या हाती राहते. शिक्षकनिवडीच्या इतिवृत्तांत आम्ही हल्ली 'उमेदवार' ऐवजी हेच लिहितो.