मीटर उंबऱ्याबाहेर जाताना

आजचा विषय जरा वेगळा आहे. भिंतीवर टांगलेल्या एका डब्याबद्दल आम्ही बोलणार आहोत.

झालं असं, की आमच्या गटातल्या एका बाईची लेक पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. घरात पाइपचा गॅस आहे आणि त्याचा मीटर ओट्याच्या वर भिंतीला आहे. तिनं सुताराकडून नवं कपाट करून घेतलं आणि मीटर कपाटात झाकून टाकला. उघडा डबा बरा दिसत नव्हता म्हणे. तपासणीला आलेल्या माणसानं सांगितलं, एक तर कपाट काढा, नाहीतर मीटर बाहेर गॅलरीत न्या, झाकलेल्या जागेत मीटर चालत नाही. लेकीनं आईला फोन केला आणि आईनं बैठकीत आम्हाला विचारलं, “आता आपल्याकडंबी पाइप येतोय म्हणत्यात. मग आपण मीटर आत लावायचा का बाहेर?”

प्रश्न बारीक वाटला, पण त्यावर बोलता बोलता बैठक संपली तरी उत्तर संपेना. गॅस वाटपाची क्षेत्रं ठरवणारं केंद्राचं नियामक मंडळ २००६ च्या कायद्यानं आलं. त्याच्या नकाशात सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून एकच क्षेत्र धरलं आहे. म्हणजे हा प्रश्न आज ना उद्या आपल्या दारात येणार. म्हणून म्हटलं, मीटर मुळात घरात आला कसा आणि आता बाहेर का चालला आहे, हे आधी बघू.

गॅस पहिल्यांदा विकला गेला तेव्हा मीटर नव्हताच. लंडनमध्ये १८१२ साली कोळशाच्या गॅसची कंपनी निघाली. दिवे किती आणि ते किती वाजेपर्यंत जळणार यावर पैसे ठरायचे. ठरल्या वेळेनंतर कुणाच्या खिडकीत उजेड दिसतो का, ते बघायला कंपनीची माणसं रात्री रस्त्यानं फिरायची. गिऱ्हाईक गॅस चोरतं अशी कंपनीला शंका आणि कंपनी जास्त पैसे लावते अशी गिऱ्हाइकाला शंका. हे भांडण मिटवायला सॅम्युअल क्लेग नावाच्या इंजिनिअरनं १८१५ च्या सुमारास मीटर बनवला. त्यात पाणी भरलेलं असायचं. विलायतेतल्या थंडीत ते पाणी गोठायचं, म्हणून मीटर घरात, नाहीतर तळघरात उबेला ठेवायचे. मीटर घरात शिरला तो असा. पुढं पाणी गेलं आणि आत चामड्याच्या पिशव्या आल्या. लोहाराच्या भात्यासारख्या त्या भरायच्या आणि रिकाम्या व्हायच्या. आजही घरगुती मीटर याच तऱ्हेनं चालतात, फक्त चामड्याच्या जागी दुसरा पडदा आला आहे. थंडीचं कारण गेलं, तरी मीटर मात्र घरातच राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या गरीब वस्त्यांत नाणं टाकायचे मीटर आले. एक पेनी टाकली की तेवढ्यापुरता गॅस मिळायचा. महिन्यांनी कंपनीचा माणूस यायचा, डबा उघडायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाण्यांच्या चवडी लावून मोजायचा आणि जास्तीची नाणी घरच्या बाईला परत द्यायचा. हा भाग आम्हाला फार आवडला. हिशोब बाईच्या टेबलावर, बाईच्या डोळ्यादेखत! आपल्या गटाची पेटीही अशीच सगळ्यांसमोर उघडते.

मुंबईत गॅसचे दिवे १८६५ साली रस्त्यावर लागले. आपल्याकडं त्या काळी आणि त्यानंतर शंभर वर्षं तरी शेणी, तुरकाट्या आणि पाचट हेच चालू होतं. १९५५ मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात झाली, पण आपल्या वाड्यावस्त्यांपर्यंत तो पोचायला दोन पिढ्या गेल्या. सिलिंडरला मीटर नसतो. किती उरला ते टाकी हलवून बघायचं, नाहीतर ओलं फडकं फिरवायचं. जिथपर्यंत गॅस आहे तिथला ओलावा उशिरा वाळतो, वरचा आधी वाळतो. ती रेघ म्हणजे आपला मीटर. तो बायकांनीच शोधला असावा, कारण पाव्हणे दारात असताना गॅस संपल्याची धास्ती त्यांनाच.

खरा मीटर आपण पाहिला तो विजेचा. कोयनेची वीज १९६२ पासून मुंबईकडे निघाली. पाटण, माण, जतच्या वस्त्यांवर तार यायला मात्र पुढं बरीच वर्षं लागली. आली तेव्हा सोप्यातल्या भिंतीवर लाकडी पाटी, तिच्यावर काळा मीटर आणि शेजारी चिनी मातीचा फ्यूज. काचेतून एक चकती फिरताना दिसायची. इस्त्री लावली की ती पळायची, दिवे मालवले की रेंगाळायची. शाळेत न गेलेल्या आमच्या सासवाही तिच्याकडं बघून म्हणायच्या, “काय चालू राहिलंय बघा गं.” आकडा वाचता येत नव्हता, पण चकती वाचता येत होती.

याची दुसरी बाजूही बायकांनीच सोसली. रीडिंग घेणारा यायचा तो ऐन दुपारी. गडीमाणसं रानात, घरात सून एकटी. तो सरळ सोप्यात शिरायचा. बहुतेक जण चांगलेच होते, पण एखादा पाणी मागून रेंगाळायचा. आमच्यातल्या दोघीतिघींनी हे परवा पहिल्यांदा बोलून दाखवलं, इतकी वर्षं मनातच ठेवलं होतं. आणि ऊसतोडीला सहा महिने कुलूप लावून गेलेल्या घरांना ‘घर बंद’ म्हणून सरासरीचं बिल यायचं. अंधाऱ्या घराचे पैसे भरलेल्या बाया आमच्या गटात आहेत.

मग विजेचे मीटर बाहेर आले, दर्शनी भिंतीवर पेटीत. त्यामागं चोरी रोखण्याचा हेतू मोठा होता, आपली सोय बघून कुणी ते बाहेर काढले नाहीत. तरी सोय झाली हे खरंच. आता उंबरा न ओलांडता फोटो काढून माणूस पुढं जातो. पण चकती डोळ्यांआड गेली. बिल आल्यावरच कळतं, तोवर महिना उलटलेला असतो. याबद्दल २००६ च्या केंद्राच्या नियमांत एक तरतूद आहे, ती फारशी कुणाला माहीत नाही. वीज कंपनीनं मीटर ग्राहकाच्या जागेबाहेर, म्हणजे खांबावर वगैरे बसवला, तर वापर दिसेल असं एक यंत्र ग्राहकाच्या जागेत बसवून द्यायचं. नियम करणाऱ्यालाही कळलं होतं, की मीटर बाहेर गेला तरी आकडा घरात दिसायला हवा.

आता गॅसकडं वळू. इथं चोरीपेक्षा जिवाचा प्रश्न मोठा आहे. १६ मे १९६८ च्या पहाटे लंडनच्या पूर्व भागात रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली इमारतीत, अठराव्या मजल्यावर एका बाईनं चहासाठी काडी ओढली. शेगडीच्या जोडावरचा पितळी नट सदोष होता आणि रात्रभर गॅस साठला होता. स्फोटानं इमारतीचा अख्खा कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली आला. चार माणसं गेली. ती बाई मात्र वाचली. मीटर बाहेर असता तर हे टळलं असतं असं आम्ही म्हणणार नाही, कारण गळती शेगडीपाशी होती. मीटर बाहेर नेला म्हणून आतली नळी तपासायची राहू देऊ नका.

मग बाहेर नेऊन मिळतं काय? मीटरपाशी जोड जास्त असतात, तिथंच दाब कमी करणारा रेग्युलेटर असतो आणि मुख्य चावीही असते. जोड सैल झाला तर गॅस उघड्या हवेत निघून जातो. घरात आग लागली तर शेजारीसुद्धा बाहेरून चावी बंद करू शकतो. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. सिलिंडरचा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून पाइपच्या गॅसला वरच्या झरोक्याची गरज, आणि कपाटात कोंडलेला मीटर म्हणजे झरोका नसलेली खोली. पुण्याच्या लेकीला तो माणूस हेच सांगत होता, फक्त घाईत सांगून गेला.

मात्र बाहेर म्हणजे कुठं, हे आपल्या भागात नीट विचारावं लागेल. कृष्णाकाठच्या बायांना सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलाशी चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीसवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. ज्यांच्या भिंतीवर तेव्हाच्या पाण्याची रेघ अजून आहे, त्यांनी मीटर लावायला आलेल्या माणसाला ती रेघ आधी दाखवावी. रेग्युलेटरला हवेसाठी बारीक भोक असतं. ते पाण्याखाली गेलं की दाब बिघडू शकतो. पूर येणार म्हटलं की घर सोडताना मुख्य चावी बंद करायची, आणि पाणी ओसरल्यावर कंपनीच्या माणसानं तपासल्याशिवाय उघडायची नाही. दुष्काळी भागात पाण्याची भीती नाही, पण जनावरं भिंतीला अंग घासतात. दावणीच्या बाजूला मीटर नको. विजेच्या मीटरला चिकटूनही नको. आणि भावकीतल्या सामाईक भिंतीवर लावायचा असेल तर आधी बोलून घ्या, नाहीतर गॅसआधी भांडण पेटायचं.

आत लावलेला मीटर बाहेर न्यायचा तर ते काम आपलं नाही, ओळखीच्या प्लंबरचंही नाही. मीटर कंपनीचा असतो. लेखी अर्ज करायचा, खर्च किती ते आधी विचारून घ्यायचं. माणूस येईल त्या दिवशी मीटर काढण्याआधीचा आकडा फोटोत घ्या आणि त्याच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. नवा मीटर बसला तर त्याचा सुरुवातीचा आकडाही लिहा. काळे आकडे वाचायचे, शेवटचे लाल सोडून द्यायचे. जुनं तोंड पक्कं बंद केलंय का ते बघा, आणि गळतीची चाचणी झाल्याशिवाय त्याला चहा पाजून वाटेला लावू नका. पुढं आठवड्यातून एक दिवस ठरवून आकडा वाचायचा आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहायचा. डबा बाहेर असला तरी आकडा आपल्या भिंतीवर राहील.

एक गोष्ट राहिली. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली तेव्हा तिचं कनेक्शन घरातल्या बाईच्याच नावावर द्यायचं ठरलं. कित्येकींच्या नावाचा तो घरातला पहिला कागद. पाइपचा गॅस मात्र भिंतीला जोडलेला असतो. त्याच्या अर्जाला घराचा उतारा मागतात, आणि उताऱ्यावर नाव असतं नवऱ्याचं, सासऱ्यांचं, कधी वारलेल्या आजेसासऱ्यांचं. सिलिंडर परत केला की त्याबरोबर बाईचं नावही जातं. २००३ साली राज्य शासनानं ‘घर दोघांचे’ म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरी नवरा-बायको दोघांची नावं लावायचं ठरवलं होतं. आम्ही बैठकीत विचारलं, किती जणींचं नाव उताऱ्यावर आहे? सतरा जणींत चार हात वर आले. पाइप यायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन उतारा बघायचा, असं त्या दिवशी ठरलं. सोमवारी पहिल्या सहा जणी जाऊन आल्या.

पुण्याच्या लेकीचा मीटर गॅलरीत गेला, कपाटही वाचलं. आईनं फोनवर विचारलं, बिल कुणाच्या नावानं येतं गं? लेक म्हणाली, बघून सांगते.