शेवट माहीत असलेल्या गोष्टीची सुरुवात

आज बोलूया सुपरहिरो कॉमिक्सच्या प्रीक्वेलबद्दल. हिरो हिरो होण्याआधीची गोष्ट. ती जमली की फसली, हे कसं ठरवायचं?

पहिला आक्षेप ठरलेला असतो. ‘शेवट माहीत आहे, मग वाचायचं कशाला?’ मला हे पटत नाही. पोवाड्यात अफझलखानाचं काय होणार हे डफावर पहिली थाप पडायच्या आधीच ठाऊक असतं. तरी आपण शेवटपर्यंत बसतोच ना!

माझी मोजपट्टी आहे ‘बॅटमॅन: इयर वन’. १९८७ साली बॅटमॅनच्या ४०४ ते ४०७ या चार अंकांत ती आली. लेखन फ्रँक मिलरचं, चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची, रंग रिचमंड लुईसचे. ब्रूस वेन बॅटमॅन होणार, यात सस्पेन्स शून्य. म्हणून मिलरने निम्मी गोष्ट चक्क जिम गॉर्डनला देऊन टाकली. गॉर्डन ट्रेनने गॉथममध्ये उतरतो आणि भ्रष्ट पोलीसखात्यात अडकतो. घरी बायको गरोदर, आणि हा सहकारी बाईच्या प्रेमात पडतो. त्याचं काय होणार, ते मात्र आपल्याला माहीत नसतं.

आणि बॅटमॅन? तो चुकतो! पहिल्या रात्री, मास्कशिवाय, मार खातो, भोसकला जातो, वर पोलिसांची गोळी. नंतर पोशाख घालून टीव्ही चोरणाऱ्या तीन पोरांना पकडायला जातो, तर त्यातला एक पडून मरता मरता वाचतो. मॅझुकेलीचं चित्रही तसंच आहे, फुगलेले स्नायू नाहीत, मोजक्या रेषा आणि भरपूर काळी शाई. गॉर्डन रात्री पलंगाच्या कडेला पिस्तूल हातात धरून बसलाय, मागे बायको झोपलेली. त्या चित्रात ‘ॲक्शन’ काहीच नाही, पण प्रीक्वेलने काय करावं ते सगळं आहे.

आता दुसरी बाजू, ‘बिफोर वॉचमेन’. यात मी फसलो होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

मूळ ‘वॉचमेन’ ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्सचं, १९८६-८७ मधले १२ अंक. २०१२ मध्ये डीसीने त्यातल्या पात्रांच्या पूर्वकथांच्या मालिकाच काढल्या. मी त्या फोनवर वाचल्या, एका वेळी एक चौकट झूम करत. जे ली या चित्रकाराची ‘ओझिमॅन्डियस’ बघून तर खुळावलो. गोल चौकटी, देवळातल्या कोरीवकामासारखी समतोल पानं. मित्रांना सांगितलं, मूळपेक्षा भारी!

मग एका मित्राने मूळ ‘वॉचमेन’चं छापील पुस्तक हातात दिलं. गिबन्सच्या बहुतेक पानांचा पाया नऊ सारख्या चौकटींचा. फोनवर कंटाळवाणं वाटलेलं ते पान कागदावर अख्खं दिसलं, आणि कळलं की घड्याळ तिथे टिकटिकतंय. पाचवा अंक तर आरशासारखा रचलेला आहे, पहिलं पान शेवटच्या पानाशी जुळतं. चौकट-चौकट सरकवत वाचणाऱ्याला हे दिसणारच नाही. चित्राचा निकाल सुट्या फ्रेमवर लावायचा नसतो, हे मी तिथे शिकलो. जे लीचं पान सुंदर आहेच, पण कथा त्याच्यामागे निवेदनाचे चौकोन भरत बसते.

आणखी एक अडचण. ‘वॉचमेन’मध्ये त्याचं प्रीक्वेल आधीच आहे! दुसऱ्या अंकात कॉमेडियनचा भूतकाळ, चौथ्यात डॉ. मॅनहॅटनचा, सहाव्यात रॉर्शाकचा. पहिल्या तीन अंकांच्या शेवटी हॉलिस मेसनच्या आत्मचरित्रातली प्रकरणं. जे सांगायचं होतं ते सांगून झालेलं, आणि उरलेल्या जागा मुद्दाम मोकळ्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही कोडमधली ‘राहून गेलेली’ गोष्ट उत्साहाने भरली होती. ती राहून गेलेली नव्हती, हे रात्री दोन वाजता कळलं. असो.

सगळंच फसलं का? नाही. डार्विन कुकची सहा अंकांची ‘मिनिटमेन’ मला खरंच आवडते. जुन्या कार्टूनसारख्या गोलसर, हसऱ्या रेषा, आणि त्यात तो घडवतो मुलांवरचे अत्याचार आणि लपवाछपवी. मेसन आत्मचरित्र लिहितोय, आणि त्यातून काय गाळायचं हा त्याच्यापुढचा प्रश्न. म्हणजे कुकने मोकळी जागा नुसती बुजवली नाही, ती मोकळी का राहिली याची गोष्ट केली.

पण एक बोच राहते. मूर आणि गिबन्सच्या करारानुसार पुस्तकाची छपाई थांबली की हक्क त्यांच्याकडे परत येणार होते. तेव्हा कॉमिक्स वर्षानुवर्षं छापत राहण्याची पद्धतच नव्हती. ‘वॉचमेन’ मात्र इतकं खपलं की छपाई कधी थांबलीच नाही. पुस्तक गाजलं, म्हणूनच हक्क गेले! मूरने प्रीक्वेलना कडाडून विरोध केला, गिबन्सने शुभेच्छा दिल्या. मूळचा संपादक लेन वाइन आणि रंग भरणारा जॉन हिगिन्स तर नव्या प्रकल्पात सामीलही झाले.

मूरच्या बाजूने बोलताना मला एक गोष्ट लपवता येत नाही. ‘वॉचमेन’चा पहिला आराखडा त्याने चार्ल्टन कॉमिक्सच्या पात्रांवर बेतला होता, म्हणजे दुसऱ्यांनी निर्माण केलेल्या. डीसीने ती वापरू दिली नाहीत, म्हणून नवी घडवावी लागली. आणि मीही रोज जे कोड लिहितो ते करारानुसार कंपनीचं. उद्या कुणी त्याचं काहीही करो, मला विचारणार नाही.

तरीही ‘मिनिटमेन’ माझ्या कपाटात आहे, मूळ ‘वॉचमेन’च्या शेजारीच. यावेळी छापील घेतलं.