एएसबीटी (पित्ताम्ल वाहक प्रथिन)

एएसबीटी हे लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील, म्हणजे शेषांत्रातील, पेशींच्या पटलात आढळणारे वाहक प्रथिन आहे. आतड्याच्या पोकळीतील पित्ताम्ले सोडियम आयनांच्या साहाय्याने पेशीत आणणे हे त्याचे कार्य होय. मानवात हे प्रथिन ३४८ अमिनो आम्लांचे बनलेले असून त्याचे जनुक (एसएलसी१०ए२) १३व्या गुणसूत्रावर आहे.

कार्य

पित्ताम्ले यकृतात कोलेस्टेरॉलपासून तयार होतात आणि आहारातील मेदाच्या पचनास व शोषणास मदत करतात. हे काम आटोपल्यावर त्यांपैकी सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले आतड्यातून पुन्हा शोषली जाऊन रक्तावाटे यकृतात परततात. या फेऱ्याला आंत्र-यकृतीय अभिसरण म्हणतात. शरीरातील पित्ताम्लांचा साठा काही ग्रॅमच असतो. परंतु तो दिवसातून अनेक वेळा फिरत असल्यामुळे पचनाला पुरतो.

ग्लायसीन किंवा टॉरीन जोडलेली पित्ताम्ले विद्युतभारित असल्याने मेदयुक्त पेशीपटल आपोआप ओलांडू शकत नाहीत. त्यासाठी वाहक लागतो. पेशीत आल्यावर ती आयबीएबीपी या प्रथिनाशी बांधली जातात आणि पेशीच्या दुसऱ्या बाजूने ओएसटी अल्फा-बीटा या वाहकाद्वारे रक्तात सोडली जातात.

रचना

या प्रथिनकुलाची त्रिमितीय रचना प्रथम जीवाणूंतील समरूप प्रथिनांवरून समजली. २०११ मध्ये नायसेरिया मेनिन्जायटिडिस या जीवाणूतील प्रथिनाची टॉरोकोलेट व दोन सोडियम आयनांसह असलेली रचना प्रसिद्ध झाली. त्यात पटल ओलांडणारी दहा सर्पिले असून त्यांचे दोन भाग पडतात: सहा सर्पिलांचा गाभा आणि चार सर्पिलांचा फलक. गाभ्यातील दोन सर्पिले मध्येच खंडित असून एकमेकांना छेदतात. सोडियमच्या जागा या छेदाजवळ आहेत, तर पित्ताम्ल गाभा व फलक यांच्यामधील पोकळीत बसते.

एएसबीटीचे जवळचे समरूप असलेल्या, यकृतातील एनटीसीपी या मानवी प्रथिनाची रचना २०२२ मध्ये उलगडली. त्यात नऊच सर्पिले आहेत. जीवाणूंतील पहिले सर्पिल त्यात नाही.

रचना आणि वहन

२०१४ मध्ये येर्सिनिया फ्रेडरिकसेनाय या जीवाणूतील प्रथिनाच्या आत उघडणाऱ्या व बाहेर उघडणाऱ्या अशा दोन्ही अवस्था दिसल्या. त्यांच्या तुलनेवरून फलकाच्या सापेक्ष गाभा हलतो आणि बंधनाची जागा आळीपाळीने पटलाच्या एकेका बाजूस खुली होते, असे स्पष्ट झाले. दोन्ही बाजूंना एकाच वेळी वाट मोकळी नसल्यामुळे पित्ताम्ले उलट गळून जात नाहीत.

एका पित्ताम्लाबरोबर दोन सोडियम आयन आत येतात. सोडियम-पोटॅशियम पंप पेशीतील सोडियमचे प्रमाण सतत कमी ठेवतो. ही तफावत वहनाला ऊर्जा पुरवते. एक ऋणभार व दोन धनभार मिळून निव्वळ एक धनभार आत येत असल्याने पटलाच्या दोन बाजूंमधील विद्युतविभवाचाही वहनाला हातभार लागतो.

उत्परिवर्तने

प्राथमिक पित्ताम्ल अपशोषण या दुर्मिळ आनुवंशिक विकाराशी संबंधित उत्परिवर्तने १९९७ मध्ये नोंदवली गेली. २४३व्या स्थानी ल्यूसीनऐवजी प्रोलीन किंवा २६२व्या स्थानी थ्रिओनीनऐवजी मेथिओनीन आल्यास टॉरोकोलेटचे वहन थांबते. याउलट १७१व्या स्थानी ॲलनीनऐवजी सेरीन आल्यास वहनावर परिणाम होत नाही. म्हणजेच बदल किती झाले यापेक्षा ते कोणत्या स्थानी झाले हे महत्त्वाचे ठरते. या विकारात जुलाब, मलावाटे मेद जाणे आणि रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होणे ही लक्षणे दिसतात.

औषधे

एएसबीटीला अडवणारी औषधे पित्ताम्ले मलावाटे बाहेर जाऊ देतात. ओडेव्हिक्सिबॅट व मॅरॅलिक्सिबॅट ही औषधे पित्तप्रवाह खुंटणाऱ्या काही आनुवंशिक यकृतविकारांत वापरली जातात. दोन्हींना २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जपानमध्ये इलोबिक्सिबॅट दीर्घकालीन बद्धकोष्ठतेवर दिले जाते. मोठ्या आतड्यात पोहोचलेली पित्ताम्ले तेथे पाणी खेचत असल्याने जुलाब हा या औषधांचा प्रमुख दुष्परिणाम आहे; बद्धकोष्ठतेत मात्र हाच परिणाम उपयोगी पडतो.