कलमांवाचून कायदा

विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेला विद्यार्थी बाजारातून करार कायद्याची, फौजदारी संहितेची, संविधानाची ‘बेअर अ‍ॅक्ट’ आणतो. एका विषयाची अशी पुस्तिका मात्र त्याला कोणत्याच दुकानात मिळत नाही. तो विषय म्हणजे ‘लॉ ऑफ टॉर्ट्स’, अर्थात अपकृत्यांचा कायदा. करार नसतानाही एकाच्या हयगयीमुळे, उपद्रवामुळे किंवा बदनामीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले, तर भरपाई कोणी व का द्यायची, हे तो सांगतो. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात हा विषय सक्तीचा आहे. पण त्याला कलमे नाहीत. ती का नाहीत आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा इतिहास वर्गात क्वचितच सांगितला जातो.

त्याचा एक धागा मुंबई इलाख्यात सापडतो. पेशवाई बुडाल्यानंतर नऊ वर्षांनी, १८२७ साली, एल्फिन्स्टनच्या संहितेतील चौथ्या विनियमाने दिवाणी न्यायाधीशांना क्रम घालून दिला : आधी संसदेचे कायदे व सरकारी विनियम, मग देशातील रूढी, मग प्रतिवादीचा कायदा, आणि यांपैकी काहीच नसेल तर न्याय, समदृष्टी व सद्सद्विवेक. शब्द उदार होते. पण १८८७ साली प्रिव्ही कौन्सिलने त्यांचा अर्थ लावला तो असा, की भारतीय परिस्थितीला लागू पडतील ते इंग्लिश कायद्याचे नियम. सद्सद्विवेकाच्या दारातून इंग्लंडचे निवाडे आत आले ते असे.

दरम्यान दंड संहिता १८६० साली आणि करार कायदा १८७२ साली झाला होता. अपकृत्यांचीही संहिता व्हावी म्हणून ऑक्सफर्डचे प्राध्यापक सर फ्रेडरिक पोलॉक यांनी भारत सरकारसाठी १८८६ साली मसुदा तयार केला. तो पोलॉकांच्या पुस्तकाला जोडलेल्या परिशिष्टात राहिला. कायदा झाला नाही. ही पोकळी पाठ्यपुस्तकांनी भरून काढली. रतनलाल आणि धीरजलाल यांचा १८९७ सालचा ग्रंथ आजही नव्या आवृत्त्यांतून विद्यार्थ्यांच्या हाती असतो.

म्हणून आपला विद्यार्थी हयगयीचा धडा स्कॉटलंडमधील पेझ्ली गावी शिकतो. १९२८ साली तिथल्या एका उपाहारगृहात जिंजर बिअरच्या बाटलीत म्हणे गोगलगाय निघाली. बाटली मैत्रिणीने विकत घेतलेली, त्यामुळे पिणारीचा कुणाशीच करार नव्हता. तरीही उत्पादकावर ग्राहकाची काळजी घेण्याचे कर्तव्य आहे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३२ साली तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले. गोगलगाय खरोखर होती की नाही, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही.

भारतातले प्रश्न मात्र निराळे होते. १९४७ साली अमृतसरचा एक सराफ मीरतला आला असता पोलिसांनी त्याला अटक करून त्याचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त केले. ते सोने घेऊन एक हवालदार पाकिस्तानात पळून गेला. कस्तुरीलाल खटला म्हणून हे प्रकरण ओळखले जाते. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली : अटक आणि जप्ती हे सार्वभौम सत्तेचे काम, त्यातील हयगयीला सरकार जबाबदार नाही. निकाल लिहिला होता साताऱ्याचे, पुण्याच्या विधी महाविद्यालयात शिकलेले सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. आपल्याच निष्कर्षाने ते अस्वस्थ होते. कायदेमंडळाने लक्ष घालावे, असे त्यांनी निकालातच सुचवले. १९६५ व १९६७ साली विधेयके आली, पण त्यांचा कायदा झाला नाही.

या पोकळीचे सर्वांत दुःखद दर्शन भोपाळनंतर घडले. नुकसानभरपाईचा दावा अमेरिकेतच चालावा म्हणून भारत सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात आपलीच न्यायव्यवस्था अशा खटल्याला अपुरी असल्याचे मांडले. तसे प्रतिज्ञापत्र मार्क गॅलँटर या अमेरिकन अभ्यासकाचे होते. उलट, भारतीय न्यायालये समर्थ आहेत, हे युनियन कार्बाइडच्या बाजूने सांगितले नानी पालखीवाला यांनी. मे १९८६ मध्ये न्यायमूर्ती कीनन यांनी प्रकरण भारतात पाठवले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात, सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने १८६८ सालचा ‘रायलँड्स’ खटल्यातील इंग्लिश नियम बाजूला ठेवला. घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपेक्ष आहे. तिला दैवी आपत्तीसारखे अपवाद नाहीत. कलमे नसल्यामुळेच न्यायालयाला हे एका निकालात करता आले. पण भोपाळच्या मुख्य दाव्यात या नियमाची अंतिम कसोटी लागलीच नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

कलमांवाचूनचा कायदा न्यायाधीशाला वाढू देतो, तसाच तो त्याला हतबलही ठेवतो. गजेंद्रगडकर आणि भगवती यांचे निकाल शेजारी ठेवून वाचले की हे दिसते. वाढ झाली ती प्रत्येक वेळी कुणाचे तरी नुकसान होऊन गेल्यावर, आणि अनेकदा ज्याचे नुकसान झाले त्याला तिचा उपयोग झाला नाही. विद्यार्थ्याने गोगलगाय जरूर वाचावी. पण प्रत्येक निकालाखाली एक साधा प्रश्न लिहून ठेवावा : शेवटी पैसे कोणाला मिळाले, आणि किती वर्षांनी?