तळटीप २३ : ‘परदेशी मदतीची लस’

२३. कुरकुंभच्या लसीकरण सत्रात लेखकाने पाहिलेली ही लस म्हणजे पेंटाव्हॅलंट. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला ती टोचतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब जिवाणूचा संसर्ग या पाचांविरुद्ध. डिसेंबर २०११ मध्ये केरळ व तामिळनाडूत ती सुरू झाली, तेव्हा ‘गावी’ या जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय लस-आघाडीचा पैसा होता. पुढे खरेदीचा भार केंद्र सरकारने उचलला आणि भारत स्वतः ‘गावी’चा देणगीदारही झाला. ‘परदेशी’ हे विशेषण मात्र फसवे आहे : ही लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट हडपसरला, म्हणजे कुरकुंभच्याच पुणे–सोलापूर रस्त्यावर. देणगीदार गेल्यावर लस विकत घेणे त्या मानाने सोपे. कुपीची किंमत अंदाजपत्रकात दिसते. शीतसाखळीची दुरुस्ती, आशाताईंचा मोबदला, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत आज आलेल्या आणि उद्या दुसरीकडे जाणाऱ्या कामगारांच्या बाळांची नोंद यांच्या तरतुदीवर कात्री आधी चालते. पहिला डोस इथे, दुसरा परराज्यात, तिसरा राहूनच गेला, अशी बाळे शोधायला घरोघर फिरावे लागते. लेखकाने या कामाला एकच वाक्य दिले आहे. — संपादक