फॅट बाईक

फॅट बाईक किंवा जाड टायरची सायकल म्हणजे साधारणतः ३.८ इंच वा त्याहून अधिक रुंदीचे टायर आणि त्यांना पेलणाऱ्या रुंद रिम असलेली सायकल होय. बर्फ, वाळू आणि भुसभुशीत जमीन यांवरून चालवण्यासाठी ती मुळात तयार झाली. मराठीत 'बाईक' हा शब्द एरवी मोटारसायकलसाठी रूढ आहे; येथे पायडल मारून चालवायचे वाहनच अभिप्रेत आहे. दणकट रूपामुळे ही सायकल पाहताक्षणी मनात भरते आणि पुष्कळदा खरेदीही त्या रूपावरच होते. तिची उपयुक्तता मात्र ती कोणत्या जमिनीवर चालणार यावर ठरते. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) आणि आसपासच्या थोड्या अंतरात जमिनीचे अनेक प्रकार आढळत असल्याने या प्रश्नाचा विचार करण्यास हा परिसर सोयीचा आहे.

तत्त्व

टायरमधील हवेचा दाब जितका कमी, तितका टायर जमिनीवर अधिक पसरतो. चालक आणि सायकल मिळून ९८ किलोग्रॅम भार धरला आणि हवा ४० पीएसआय असली, तर दोन्ही चाकांचा जमिनीशी मिळून संपर्क सुमारे ३५ चौरस सेंटिमीटर होतो. हवा १० पीएसआय ठेवल्यास तोच संपर्क सुमारे १४० चौरस सेंटिमीटरपर्यंत जातो. भार विस्तृत जागेवर वाटला गेल्याने चाक वाळूत रुतत नाही. अरुंद टायरमध्ये एवढी कमी हवा ठेवता येत नाही; दगडावर आदळताच रिम जमिनीला टेकते आणि ट्यूब चिरडते. म्हणून जाड टायर हे साधन आहे, खरे काम कमी दाबाचे आहे. जाड टायरमध्ये टणक हवा भरून डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्यास या सायकलचे वजन तेवढे वाट्याला येते.

इतिहास

अलास्कातील बर्फाळ वाटांवर १९८७ पासून सायकल शर्यती होऊ लागल्या. तेथील चालक आरंभी दोन रिम शेजारी शेजारी जोडून चाक रुंद करीत. पुढे फेअरबँक्सच्या साइमन रॅकोवर यांनी ४४ मिलिमीटर रुंदीची रिम बाजारात आणली. त्याच सुमारास न्यू मेक्सिकोतील रे मोलिना यांनी वाळवंटी प्रदेशासाठी याहूनही रुंद रिम आणि टायर बनवले. २००५ मध्ये सर्ली या अमेरिकन कंपनीची 'पग्जली' ही सायकल आली आणि हा प्रकार सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला. बर्फ आणि वाळू हे या सायकलचे जन्मस्थान होय. पुढील विवेचनात ते ध्यानात ठेवावे लागते.

खान्देशातील जमीन

तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे होतो. नदीकाठची कोरडी वाळू आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या ओढ्यांची रेताड पात्रे येथे ही सायकल आपले नाव सार्थ करते. संगमाजवळ हतनूर धरणाचा फुगवटा असतो. पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ वरून वाळलेला दिसला, तरी पापुद्र्याखाली ओला असतो. तो पुरता सुकेपर्यंत त्यावर कोणतेच टायर भरवशाचे नाही.

तालुक्यातील बरीचशी शेती काळ्या जमिनीत आहे. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती पायाला गोळ्यांनी चिकटते. जाड टायर चिखलातूनही सहज जातो, हा समज येथे सर्वांत महाग पडतो. वाळू टायरखाली दबते आणि मागे सुटते. ओली काळी माती मात्र टायरसोबत वर येते. टायर रुंद म्हणून ती अधिक येते, फोर्क आणि टायर यांमधील फटीत साचते आणि काही अंतरातच चाक जाम होते. मग वीस किलोग्रॅमची सायकल आणि तिच्यावरचा चिखल खांद्यावर घेऊन पांदण पार करावी लागते. बैलगाडीवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

पावसाळा सोडला तर चित्र पालटते. हिवाळ्यात टणक झालेल्या गाडीवाटांवर चाकोरीच्या कडा आणि ढेकळे जाड टायर चांगली पचवतो. मात्र त्यासाठी ४ इंचांचीच आवश्यकता नसते, २.२ ते २.४ इंच टायरची साधी माउंटन सायकलही हे काम करते आणि चढावर कमी दमवते. रावेर व यावल तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्यांचा आणि भरड रेतीचा पट्टा आहे. तेथे जाड टायरची पकड उपयोगी पडते. पण शॉकअप नसलेली फॅट बाईक वेगात गोट्यांवरून चेंडूसारखी उसळते, कारण टायरमधील हवा धक्का सोसते, जिरवत नाही.

काटे आणि ऊन

बाभळीचे काटे आणि सराटे या परिसरात जागोजाग आहेत. रुंद टायर अधिक जमीन व्यापत असल्याने त्याला काटेही अधिक लागतात. टायरमध्ये छिद्र बुजवणारा द्रव घातल्यास बराच त्रास वाचतो, तथापि उन्हाळ्यात तो लवकर सुकतो. ४ इंची टायरचे घनफळ २ इंची टायरच्या सुमारे चौपट असते, त्यामुळे हातपंपाने हवा भरताना दम लागतो.

सकाळी २५ अंश सेल्सिअसला १० पीएसआय भरलेली हवा टायर ४५ अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे ११.७ पीएसआय होते. साध्या सायकलला हा फरक जाणवत नाही; येथे तो दाबाचा जवळजवळ सहावा भाग आहे. म्हणून कमी दाब अचूक दाखवणारा स्वतंत्र मापक सायकलबरोबरच घ्यावा लागतो.

खरेदीचा निर्णय

स्वस्त लोखंडी फॅट बाईकचे वजन १८ ते २० किलोग्रॅम वा अधिक भरते; चांगल्या अॅल्युमिनियमच्या फ्रेमची सायकल १५ किलोग्रॅमच्या आसपास येते. स्वस्त प्रकारात भार बहुधा टायर, ट्यूब आणि रिममध्ये असतो आणि फिरत्या भागातील जडपणा चढावर अधिक जाणवतो. हब आणि पायडलचा धुराही नेहमीपेक्षा रुंद असल्याने गावातील दुकानातले भाग बसत नाहीत. टायर-ट्यूब बाहेरून मागवावी लागते. गिअर नसलेली फॅट बाईक वाळूसाठी घेणे तर निरर्थकच.

ज्याचे फिरणे मुख्यतः नदीकाठ आणि रेताड ओढ्यांत आहे, त्याने ती घ्यावी. रोज महामार्गाने भुसावळकडे जाणे आणि रविवारी शिवारात चक्कर एवढाच बेत असल्यास साधी माउंटन सायकल बरी. दोन्हींचा मेळ हवा असेल, तर २.८ ते ३ इंच टायरची सायकल हा मधला पर्याय आहे. कोणतीही सायकल घेताना टायर आणि फोर्क यांमधील फट पाहावी. बोट जेमतेम शिरत असेल, तर पहिल्याच पावसात ती चिखलाने भरेल.

शेत आणि वन

वाट नसली तरी चालते, ही या सायकलची ख्याती शेतकऱ्यास उपद्रवी ठरू शकते. केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्या जमिनीवरच अंथरलेल्या असतात. वढोदा वनक्षेत्रात आणि पूर्णाकाठच्या घळींत वाघांचा वावर असून केळीच्या बागाही ते आसऱ्यासाठी वापरतात. म्हणून पहाटे व संध्याकाळी तेथे एकट्याने सायकल नेणे धोक्याचे आहे. यावल अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते आणि परवानगी मिळाली तरी आखलेली वाट सोडता येत नाही.